सहा जुलैच्या राण्या

बीटल्सचे भक्त दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार गाणी ऐकतो. हा निरुपद्रवी असतो. त्याच्याशी लग्न करता येतं, शेजारी राहता येतं. दुसरा प्रकार तारखा पाळतो. त्याला सकाळी उठल्यावर आधी आठवतं ते आज दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत हे नव्हे, तर १९६३ साली आजच्या दिवशी चौघांनी कोणत्या गावातल्या कोणत्या सभागृहात, कितव्या क्रमांकावर वाजवलं हे. या पंथाचे पीठाधीश म्हणजे मार्क लुईसन. त्यांनी या बँडचं जे सविस्तर चरित्र लिहायला घेतलं आहे, त्याच्या नियोजित तीन खंडांपैकी पहिला २०१३ साली आला. त्याची विस्तारित आवृत्ती सतराशेच्या आसपास पानांची आहे, आणि ती संपते १९६२ च्या डिसेंबरअखेर. म्हणजे इतकी पानं उलटून वाचक धापा टाकत शेवटाला पोहोचतो, तेव्हा बीटल्सच्या नावावर ब्रिटनच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढलेलं एक गाणं असतं. बस्स.

तर या तिथिभक्तांच्या पंचांगात सहा जुलैला मोठा मान आहे. त्या दिवशीची पहिली नोंद १९५७ ची. शनिवार. लिव्हरपूलच्या वूल्टन उपनगरात सेंट पीटर्स चर्चची वार्षिक जत्रा होती. सजवलेल्या लॉऱ्यांची मिरवणूक, बँडपथक, केक, लिंबूपाणी, आणि गावातल्या एका मुलीला ‘रोझ क्वीन’ म्हणून मुकुट चढवण्याचा सोहळा. छापील कार्यक्रमपत्रिकेत सव्वाचारला ‘क्वारीमेन स्किफल ग्रुप’ची, म्हणजे पुढे बीटल्स झालेल्या गटाची, वेळ होती. त्यानंतर लिव्हरपूल शहर पोलिसांच्या श्वानपथकाची प्रात्यक्षिकं, आणि श्वान दमले की पुन्हा क्वारीमेन. आयोजकांच्या दृष्टीने दिवसाचं आकर्षण कोण होतं हे सांगायची गरज नाही. पोलिसांच्या कुत्र्यांना पेटत्या कड्यांतून उड्या मारायला लावल्या होत्या की नाही हा तपशील बाजूला ठेवू. क्वारीमेनचा सोळा वर्षांचा म्होरक्या जॉन लेनन मात्र न येणारे शब्द स्वतःच्या मनाने घालून गात होता.

स्किफल म्हणजे गरिबांचा ऑर्केस्ट्रा. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावली की बास तयार, कपडे घासायची पत्र्याची फळी घेतली की तालवाद्य तयार. गिटार तेवढी विकत घ्यावी लागे. जॉनकडे गिटार होती, पण त्याच्या आईने त्याला बँजोचे कॉर्ड शिकवले होते, त्यामुळे तो गिटारही बँजोसारखीच लावून वाजवत असे. हे त्याच्या गटात कुणालाच खटकलं नव्हतं.

खटकलं ते पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीला. त्याला तिथे घेऊन आला होता आयव्हन व्हॉन, दोघांचाही मित्र. (आयव्हन आणि पॉल एकाच दिवशी जन्मलेले, १८ जून १९४२. तिथिभक्त हे वाक्य आवाज खाली आणून सांगतात.) संध्याकाळच्या नाचाआधी, रस्त्यापलीकडच्या चर्चच्या हॉलमध्ये ओळख झाली. पॉल डावखुरा. त्याने समोरची गिटार उलटी धरली, सुरात लावली आणि एडी कॉक्रनचं ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ अथपासून इतिपर्यंत, एकही शब्द न चुकवता म्हणून दाखवलं. वर लिटल रिचर्डच्या चिरक्या आवाजाची नक्कल. जॉनपुढे पेच पडला. या पोराला गटात घेतलं तर गट सुधारेल, पण आपलं काय? काही दिवसांनी त्याने गट सुधारायचं ठरवलं आणि निरोप धाडला. निरोप मिळालेला पॉल लगेच धावत आला असं नाही. शाळेच्या सुट्टीत तो स्काउटच्या शिबिराला गेला. क्वारीमेनबरोबर तो पहिल्यांदा मंचावर उभा राहिला तो ऑक्टोबरमध्ये, आणि त्या रात्री ‘गिटार बूगी’ वाजवताना त्याची बोटं अशी अडखळली की पुढे मुख्य गिटार वाजवण्याचा नाद त्याने बरीच वर्षं सोडला.

त्या सहा जुलैच्या संध्याकाळचा पुरावा म्हणून एक ध्वनिफीतही आहे. हॉलमधल्या एका तरुणाने आपल्या ग्रुंडिग यंत्रावर दोन गाणी टिपली. त्यातलं एक लॉनी डॉनेगनचं, जे त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, दुसरं एल्व्हिसचं. १९९४ साली सदबीजच्या लिलावात ही फीत ईएमआय कंपनीने ७८,५०० पौंडांना घेतली. मग ती ऐकली असावी, कारण दुसऱ्याच वर्षी निघालेल्या ‘अँथॉलॉजी’ या जुन्या-दुर्मीळ मुद्रणांच्या संग्रहात तिचा समावेश नाही. त्या नाचाचं तिकीट दोन शिलिंग होतं.

गंमत म्हणजे ही तारीख सुरुवातीला कुणालाच नीट ठाऊक नव्हती. बँड जगप्रसिद्ध झाल्यावर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत या भेटीची तारीख जूनमधली, आणि सालही आधीचं, अशी छापली गेली होती. भेटलेल्या दोघांना विचारून उपयोग नव्हता. त्यांना गाणं आठवत होतं, तारीख नाही. मग कुणीतरी जत्रेची ती छापील पत्रिका उजेडात आणली आणि प्रश्न मिटला. चर्चच्या पत्रिकेपुढे आठवणींचं काही चालत नाही.

इथे पुणेकर वाचकाची मान आपोआप ताठ होईल, आणि ते योग्यच आहे. समकालीन पुराव्याशिवाय तारीख मान्य न करण्याची शिस्त ज्यांनी आपल्याकडे रुजवली, त्या सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, मालवणचा. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं. या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती पुरी केली सप्टेंबर १९६६ मध्ये. नेमक्या त्याच महिन्यात जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत उतरला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. परंतु हे वाक्य एखाद्या तिथिभक्ताला ऐकवून पाहावं. त्याचे डोळे पाणावतात.

आता मुख्य सिद्धान्ताकडे. सहा जुलै आणि बीटल्स यांच्यामध्ये एक राणी असते, असा हा सिद्धान्त. पुरावे तपासू.

१९५७ ची रोझ क्वीन झाली. त्याच दुपारी विम्बल्डनला अल्थिया गिब्सनने महिला एकेरीचं विजेतेपद जिंकलं. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. तिला तबक दिलं खुद्द राणी एलिझाबेथने. आणि त्या तबकाचं नाव काय? व्हीनस रोझवॉटर डिश. एकीकडे गुलाबाची राणी, दुसरीकडे राणी आणि गुलाबपाणी. सिद्धान्त पहिल्याच वर्षात दोन पायांवर उभा राहिला.

१९६२ ला जरा ओढाताण होते. त्या सहा जुलैला बीटल्स मर्सी नदीवरच्या एका बोटीवर वाजवत होते. कॅव्हर्न क्लबने काढलेली जलसफर, प्रमुख आकर्षण ॲकर बिल्क या क्लॅरिनेटवादकाचा जॅझ बँड, आणि त्याच्या खाली आपली मंडळी, ड्रमवर अजून रिंगो स्टारच्या आधीचा पीट बेस्ट. महिनाभरापूर्वीच ईएमआयच्या स्टुडिओत चौघांची चाचणी झाली होती आणि तिथल्या लोकांना ड्रमर काही रुचला नव्हता, पण ही बातमी बोटीवर अजून पोहोचायची होती. राणी कुठे आहे म्हणाल, तर बोटीचं नाव होतं ‘रॉयल आयरिस’. लिव्हरपूलकर तिला तळलेले मासे आणि बटाटे मिळणारी बोट म्हणूनच ओळखत, पण नावात राजेपण आहे ते आहे. सिद्धान्त सांभाळायचा तर थोडं तेल लागतंच.

१९६३ मात्र सिद्धान्ताने स्वतः लिहून काढल्यासारखं आहे. नॉर्थविच नावाच्या लहान गावात त्या शनिवारी कार्निव्हल होता. रात्री तिथल्या मेमोरियल हॉलमध्ये बीटल्सचा कार्यक्रम, आणि दुपारी कार्निव्हल क्वीनला मुकुट चढवायला पाहुणे म्हणून कोण? पॉल मॅकार्टनी. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला, अशाच एका हिरवळीवर, दुसऱ्या कुणीतरी कुणाला तरी मुकुट घातला आणि हा गर्दीत उभा होता. आता त्याचाच हात मुकुटाला. त्या वेळी त्यांची पहिली एलपी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होती, तीस आठवडे ती तिथून हलली नाही. आणि तरीही गावजत्रेची आमंत्रणं स्वीकारलेली असल्यामुळे निभावावी लागत होती. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन दिलेल्या शब्दाला जागायचा. जुन्या दराने घेतलेली सुपारी भाव वाढला म्हणून मोडायची नाही, हा त्याचा बाणा. आपल्याकडचे लग्नातले बँडवाले तेवढे मऊ नसतात.

मग १९६४, आणि राजघराणं खरोखरच दारात. सोमवार, ६ जुलै. लंडनच्या लंडन पॅव्हिलियन चित्रपटगृहात ‘अ हार्ड डेज नाइट’चा पहिला खेळ, आणि प्रमुख पाहुणी राणीची धाकटी बहीण, राजकन्या मार्गारेट, पतीसह. पिकॅडिली सर्कसची वाहतूक ठप्प. चित्रपटात चौघं पोरं चाहत्यांच्या लोंढ्यापासून पळत असतात, आणि बाहेर नेमकं तेच चाललेलं. रिचर्ड लेस्टरने हा कृष्णधवल चित्रपट त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये झटपट उरकला होता. ही लाट ओसरायच्या आत पैसे वसूल करावेत असा वितरकांचा सरळ हिशेब होता. लाट ओसरली नाही. उलट पटकथेसाठी अ‍ॅलन ओवेन आणि संगीतासाठी जॉर्ज मार्टिन यांना ऑस्करची नामांकनं मिळाली.

त्या रात्रीची खरी गोष्ट पडद्यावरची नाही, पंगतीतली आहे. निर्माते वॉल्टर शेनसन ती सांगत असत. खेळानंतर मेजवानी होती. राजकन्येला दुसरीकडे जेवायला जायचं होतं, तरी ती थोडा वेळ गप्पा मारायला थांबली. राजशिष्टाचार असा की ती निघेपर्यंत कुणी पानावर बसायचं नाही. पेयं चालली आहेत, गप्पा चालल्या आहेत, राजकन्या रमली आहे, आणि उपाशी असलेला जॉर्ज हॅरिसन अन्नाकडे बघतो आहे. अखेर त्याने अत्यंत अदबीने तिला विचारलं की आपण कधी निघणार, कारण आपण गेल्याशिवाय आम्हाला जेवता येत नाही असं शेनसनसाहेब म्हणतात. राजकन्या हसली, नवऱ्याला उठवलं आणि निघाली. एकवीस वर्षांच्या, बस चालवणाऱ्या बापाच्या पोराने राजघराण्याला घरी पाठवून पंगत सुरू केली. ज्यांनी कुठल्याही समारंभात मंत्र्यांचं भाषण संपायची वाट पाहत थंड होणाऱ्या जेवणाकडे पाहिलं आहे, त्यांना जॉर्ज हा चौघांतला सर्वांत मोठा का वाटतो ते वेगळं सांगायला नको.

याच जॉर्जमुळे पुढची सहा जुलै आपल्या देशात उगवली. १९६६. जुलैच्या चार तारखेला बीटल्स मनिलात होते. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी राजवाड्यावर त्यांच्यासाठी स्वागतसमारंभ ठेवला होता, आणि बीटल्स तिकडे फिरकलेच नाहीत. ते झोपले होते. पुढे पादत्राणांच्या संग्रहासाठी गाजलेल्या या बाईंनी बोलावल्यावर न जाणं म्हणजे काय, ते त्यांना दुसऱ्या दिवशी विमानतळावर कळलं. सरकते जिने बंद केलेले, सामान स्वतःच उचला, वर जमावाचे धक्के आणि लाथा. लंडनमध्ये एका राजकन्येला घरी पाठवणं निभलं होतं. मनिलातली राणी तेवढी खेळकर नव्हती.

तिथून सुटलेलं विमान सहा तारखेला दिल्लीत उतरलं. खरं तर दिल्लीत उतरायचं होतं जॉर्जला. ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात वाजवलेली सतार त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साधीशी घेतलेली होती, आता बरी हवी होती. मनिलाच्या प्रसादानंतर बाकीच्या तिघांना फक्त घर दिसत होतं. पण विमानात त्यांना सांगण्यात आलं की लंडनपर्यंतच्या तुमच्या जागा पुढे विकल्या गेल्या आहेत, कृपया उतरा. ही हकिकत जॉर्जनेच सांगितलेली आहे, आणि रेल्वेच्या आरक्षणाचा अनुभव असलेल्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही. भारतात आपल्याला कोण ओळखतंय, ही त्यांची एकच आशा उरली होती. विमानाच्या दारातून बाहेर पाहिलं तर अंधारात कुंपणापलीकडे पोरं उभी, आणि ‘बीटल्स! बीटल्स!’ असा गजर.

ओबेरॉय हॉटेल, कॅनॉट प्लेसमधलं रिखी राम यांचं वाद्यांचं दुकान, गाडीमागे स्कूटरवरून पाठलाग, आणि सतार. दिल्लीतला मुक्काम थोडक्यात एवढाच. सिद्धान्ताची पंचाईत इथे होते, कारण दिल्लीत राणी नाही. कट्टर भक्त इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या याकडे बोट दाखवतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

मुंबईच्या वाट्याला सहा जुलै आली नाही, सप्टेंबर आला. जॉर्जने मिशी वाढवली, ताजमहाल हॉटेलात ‘सॅम वेल्स’ या नावाने खोली घेतली आणि आपण साफ लपलो अशी समजूत करून घेतली. लिफ्टवरच्या पोराने ओळखलं. बातमी फुटली, हॉटेलाबाहेर गर्दी, आणि सतारीची शिकवणी काश्मीरला हलवावी लागली. मुंबईत लिफ्टवाल्यापासून काही लपत नाही, हे रविशंकरांनी शिष्याला आधीच सांगायला हवं होतं.

आता कुणी शंकेखोर म्हणेल की यात विशेष ते काय? बीटल्सनी उणीपुरी चौदाशेच्या आसपास जाहीर कार्यक्रम केले. एकट्या कॅव्हर्न क्लबात २९२, असं तो क्लब सांगतो. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. सरासरी दर तारखेला चार कार्यक्रम वाट्याला येतात, त्यांत रेकॉर्डिंग, लग्नं, खटले, विमानतळ मिळवले की कोणतीही तारीख उचला, ती ऐतिहासिक निघतेच. शिवाय यात बेइमानी किती! १९५७ च्या भेटीत चौघांपैकी दोघंच होते. जॉर्ज चौदा वर्षांचा, जॉनला अजून माहीतही नसलेला. हिशेब बरोबर आहे. पण तिथिभक्त हिशेबाने नमत नाही. तो नवा पुरावा काढतो. बिल हेली, ज्याने घड्याळभर रॉक करायला जगाला शिकवलं, त्याचा जन्म ६ जुलै १९२५. लुई आर्मस्ट्राँग गेले ६ जुलै १९७१ ला. हेच ते आर्मस्ट्राँग, ज्यांनी १९६४ च्या मे महिन्यात, वयाच्या साठीनंतर, ‘हॅलो डॉली’च्या जोरावर बीटल्सना सलग चौदा आठवड्यांनंतर अमेरिकेच्या पहिल्या क्रमांकावरून उठवलं होतं. आता बोला.

समोर दुसरा पंथ आहे, नऊवाल्यांचा. त्यांचा आधार खुद्द लेनन. जन्म ९ ऑक्टोबर, धाकट्या मुलाचा जन्मही ९ ऑक्टोबरचा, अमेरिकेच्या टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमातलं ते गाजलेलं पदार्पण ९ फेब्रुवारी १९६४ चं, आणि त्याच्या ‘नंबर नाइन ड्रीम’ या गाण्याने अमेरिकेत मजल मारली ती नेमकी नवव्या क्रमांकापर्यंत. सहाजुलैवाले याला अंकज्योतिष म्हणून नाक मुरडतात. आपलं ते संशोधन.

या सगळ्यात दुर्दैवी कुणी असेल तर बिचारा रिंगो स्टार. त्याचा जन्म ७ जुलै १९४०. एका दिवसाने हुकलं. वूल्टनच्या जत्रेत तो नव्हता, बोटीवर ड्रम दुसऱ्याचे होते. लंडनच्या त्या मेजवानीत मध्यरात्र उलटली तेव्हा तो चोविसाचा झाला, आणि सव्विसावा वाढदिवस त्याला दिल्लीत, दुसऱ्याच्या सतारखरेदीच्या भानगडीत काढावा लागला. म्हणूनच की काय, त्याने २००८ पासून आपल्या तारखेची व्यवस्था स्वतःच लावून घेतली आहे. दर ७ जुलैला दुपारी बारा वाजता जिथे असाल तिथे ‘पीस अँड लव्ह’ म्हणा, असं त्याचं जगाला सांगणं असतं. त्यामुळे सहा जुलैचं जागरण आटोपून डोळे मिटतात न मिटतात तोच तिथिभक्तांना पुन्हा उभं राहावं लागतं. बारा कुठल्या देशाचे धरायचे यावर मात्र वाद नाही. ज्याचे त्याने धरावेत, असं रिंगोनेच सांगून ठेवलं आहे.